उद्धवगुरुजींचा धारोजी

चाकणच्या शाळेतले उद्धवगुरुजी कादंबरी लिहितात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं; कादंबरी म्हणजे नक्की काय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. पेठेतून बघणाऱ्याला एवढंच दिसायचं की शाळा सुटली की हा गृहस्थ घरची वाट सोडून किल्ल्याकडे वळतो, पडक्या तटाला सुतळी लावून मोजत बसतो, खंदकात उतरतो आणि धोतरभर कुसळं घेऊन वर येतो. गवत कापणाऱ्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढे त्यांनाही सवय झाली. एखाद्या दिवशी गुरुजी दिसले नाहीत तर त्याच विचारायच्या, आज मोजणी नाही वाटतं.

गुरुजी मूळचे बार्शीकडचे. तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथेच मुरले. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, तरी गावकीच्या गोष्टी निघाल्या आणि गुरुजी जवळ असले की लोक आवाज जरा खाली घेत. माणूस भला, पण बाहेरचा. ही सल गुरुजींनी कधी कोणाला बोलून दाखवली नाही. त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, ती न सांगता कळत होती. किल्ल्याचं वेडही त्यातूनच आलेलं आहे असं त्यांचं मत होतं. आजच्या गावाने जवळ घेतलं नाही, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या गावाला तरी आपलं म्हणावं, असं काहीतरी.

कादंबरी होती शाहिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्याची. भर पावसाळ्यात थोडक्या माणसांनी मोगली फौज अडवून धरली, शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला द्यावा लागला, एवढी हकीकत छापील पुस्तकांत मिळते. गुरुजींना त्याच्या आतलं हवं होतं. त्या माणसांनी पावसात चुली कशा पेटवल्या, ओलं धान्य कशावर वाळवलं, रात्री कोणाची आठवण काढली. दर रविवारी सकाळच्या एसटीने ते पुण्याला जात, वाचनालयात बसून बखरी आणि पत्रांचे खंड वाचत, मोडी कागदांपुढे डोळे फोडून घेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. डब्यातली भाकरी पुष्कळदा तशीच परत यायची.

“शाहिस्तेखानाने किल्ल्यावरच्यांची उपासमार केली,” यशोदाबाई म्हणायच्या, “तुमची कोणी केली?”

गुरुजींची लिहिण्याची एक रीत होती. ज्याला आधार सापडला ते काळ्या शाईने लिहायचं आणि जे आपल्या मनाने रचलं ते निळ्या शाईने. एकाच वाक्यातही दौत बदलायची. पावसाची झड काळी, कारण ती जुन्या कागदात आहे. त्या झडीत भिजणाऱ्या पहारेकऱ्याला आलेली घरची आठवण निळी. फार वेळखाऊ काम, पण इतिहासाशी लबाडी करायची नसेल तर एवढी शिस्त पाहिजेच, असं ते मानत. पुस्तक छापलं जाईल तेव्हा या निळ्या मजकुराचा हिशोब प्रस्तावनेत द्यायचा, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि धारोजी सगळाच्या सगळा निळा होता. दरवाजावरचा साधा पहारेकरी, विधवा आईचा एकुलता मुलगा, कमी बोलणारा. कुठल्याही कागदात त्याचं नाव नव्हतं. गुरुजींना असा एक माणूस हवा होता म्हणून तो झाला. त्याला टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी खंदकाच्या काठावरचा एक खराखुरा धोंडा त्याला देऊन टाकला. पहारा बदलला की धारोजी त्या धोंड्याला पाठ लावून बसे, आणि बुरूज उडतो त्या दिवशी त्याच धोंड्यापाशी पडे. हा मरणाचा अध्याय गुरुजींनी सगळ्यांत आधी लिहून ठेवला होता. पुण्यातल्या एका प्रकाशकाने तेवढाच वाचला आणि त्या अध्यायावर पुस्तक छापायचं कबूल केलं. तेव्हापासून गुरुजींची चाल जरा बदलली होती, हे यशोदाबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

छप्पन सालच्या चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी वाचणारे म्हातारे बुवा अंथरुणाला खिळले. दुसरा वाचणारा मिळेना. तेव्हा गावातले वडीलधारे सोपानराव एका सकाळी गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसले. यंदा तुमचीच पोथी लावा, म्हणाले. आपल्याच किल्ल्याची आहे, आपल्याच वाडवडिलांची. ‘आपल्या’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा त्यात गुरुजींना धरलं. गुरुजींनी नाही कशाला म्हणावं?

यशोदाबाईंनी मात्र बजावलं, की देवळात वाचणार असाल तर यात रचलेलं किती आहे ते पहिल्याच दिवशी सांगून मोकळे व्हा. गुरुजींनी मान डोलावली. पण दिवेलागणीला देवळात गेले तर मंडपात सतरंजी अंथरलेली, पाटाशेजारी समई तेवत असलेली, आणि बुवांच्या पोथीचं जे लाकडी व्यासपीठ त्यावर त्यांची कादंबरी ठेवायला जागा केलेली. त्यांनी बाड ठेवलं. एका बाईने पुढे येऊन त्यावर हळदकुंकू आणि फूल वाहिलं. सगळ्या गावाने हात जोडले. एवढ्या मानपानात गुरुजींच्या तोंडून ते शब्द बाहेर पडेनात. उद्या सांगू, असं मनाशी म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचताना ऐकणाऱ्याला शाई दिसत नाही, हे त्यांच्यासारख्या शिस्तीच्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

गुरुजी वाचत फार छान. आषाढ सरेपर्यंत देवळात पाय ठेवायला जागा उरेना. किल्लेदाराची मसलत आली की म्हातारे माना हलवत, खानाच्या तोफा आल्या की पोरं आईच्या कुशीत शिरत, पण गावाचा जीव जडला धारोजीवर. त्याचा धारबा झाला. शेंगा विकायला बसलेल्या बाया विचारू लागल्या, काल धारबाने काय केलं? मग एका मंगळवारी गुरुजी किल्ल्याकडे गेले तर खंदकाच्या काठावरच्या धोंड्याला शेंदूर लागला होता. समोर नारळाची शकलं पडली होती आणि उदबत्तीची राख.

खरं सांगायचं तर त्या क्षणी गुरुजींना आनंद झाला. लेखकाला याहून मोठं बक्षीस काय हवं? आपल्या लेखणीतून उतरलेला माणूस गावाने देव करून बसवला. ते घरी आले ते तरंगतच. दोन दिवसांनी एक ऐंशीचा म्हातारा त्यांना वाटेत अडवून म्हणाला, की धारबाची गोष्ट त्याने लहानपणी आपल्या आजाच्या तोंडून ऐकली आहे, धोंड्यासकट. गुरुजींनी घाईघाईने खिशातून कागद काढला, आधार सापडला म्हणून. आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. आपण सुतळीने तट मोजत बसलो आणि इकडे एका म्हाताऱ्याच्या बालपणात नको ते घालून बसलो, या विचाराने ते घाबरले. समाप्तीच्या दिवशी सगळं सांगायचं, असं त्यांनी आता ठरवलं. टाळायचं काम माणूस पुढच्या मुहूर्तावर टाकतो, तसंच हे.

समाप्ती यायच्या आधी भिमाजीचा पाय सुजला.

भिमाजी हा सोजराबाईंचा मुलगा. सोजराबाईंनी नवऱ्यामागे त्याला एकटीने वाढवलं. पंचविशीतला, हाडापेराने दणकट, पिंपरीच्या माळावर औषधाचा नवा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाचे दगड वाहून आलेला. बाजरी कोळपताना बैल बुजला आणि कोळप्याचं पातं त्याच्या पोटरीत घुसलं. सोजराबाई पहिल्या दिवसापासून वाचनाला येत, खांबाला टेकून बसत. धारोजीही विधवेचा एकुलता, हे ऐकल्यापासून त्यांचं त्याच्याशी जवळचं नातं जुळलं होतं. त्यांनी धोंड्यापुढची राख आणून जखमेत भरली आणि वर फडकं बांधलं. रोज नवी राख, रोज नवा नवस.

त्या दोन दिवस वाचनाला आल्या नाहीत तेव्हा गुरुजी चौकशीला गेले. उंबऱ्यातच त्यांना वास आला. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा पडला होता, भिमाजी तापात बरळत होता. गुरुजींनी तिथल्या तिथे सांगितलं, याला आत्ताच पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. सोजराबाईंनी शांतपणे मान हलवली. धारबाला शब्द दिला आहे, म्हणाल्या. मध्येच दुसरीकडे नेला तर तो कोपेल.

गुरुजी जमिनीवर बसले.

“सोजराबाई, ऐका. धारोजी असा कोणी नव्हता. मी रचला त्याला. घरी बसून, माझ्या मनाने. त्या धोंड्यात काही नाही.”

सोजराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, उलट थोडी कीवच होती.

“तुमी रचला न्हाई, गुरुजी. त्यानं तुमच्याकडनं लिवून घेतलं. तुमी बाहेरगावचे, तुमाला कसं कळावं?”

गुरुजी घरी धावले, बाड घेऊन परत आले, धारोजीची पानं उघडून त्यांच्यापुढे धरली. हे बघा, ही निळी शाई, जे निळं ते सगळं रचलेलं. सोजराबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी पानावरून अलगद हात फिरवला आणि तो हात मुलाच्या कपाळाला लावला. मग त्या पुन्हा राख चाळायला बसल्या. सोपानरावांनी सांगून पाहिलं, शेजाऱ्यांनी सांगून पाहिलं, पण आईच्या मनाविरुद्ध तरण्या पोराला उचलायला कोणी धजेना. न जाणो, वाटेत काही झालं तर.

दुपारी गुरुजी घरी आले, काळी दौत त्यांनी उचलून फळीवर ठेवली आणि निळ्या शाईने लिहायला बसले. इतकी वर्षं आधाराशिवाय एक शब्द लिहिताना त्यांचा हात अडखळायचा, त्या दिवशी अडखळला नाही. धारोजीच्या पायाला गोळी लागते. सोबती देवाचा अंगारा आणतात. किल्ल्यातला जर्राह, म्हणजे जखमांवर शस्त्र चालवणारा, दारात उभा असतो आणि त्याला कोणी आत घेत नाही. तेव्हा मुलाला बघायला चोरवाटेने रात्रीपुरती किल्ल्यात आलेली धारोजीची आई उठते आणि स्वतःच्या हाताने मुलाची बाज उचलायला लागते. यशोदाबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. त्यांनी खांद्यावरून दोन ओळी वाचल्या आणि आत गेल्या.

सोपानरावांनी निरोप धाडून सोजराबाईंना थोडा वेळ देवळात यायला लावलं. गुरुजींनी नेहमीचा अध्याय बाजूला सारून हा वाचला. धारोजी आईला काय म्हणतो ते आलं तेव्हा त्यांनी मान वर करून थेट खांबाकडे बघितलं.

“अंगारा मनाला लाव, आई. जखमेला ज्याला कळतं त्याचा हात लागू दे. माझी शपथ आहे तुला.”

सोजराबाई उठल्या. मंडपातल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली. त्या सोपानरावांना एवढंच म्हणाल्या, की गाडी बघा.

बटाटा भरून पुण्याला निघालेला एक ट्रक अडत्याच्या दारात उभा होता. पोती उतरवून भिमाजीला त्यात घातलं. गुरुजी सोबत गेले. मोशी गेली, भोसरी गेली, आणि सगळ्या वाटेत सोजराबाईंनी मुलाचं डोकं मांडीवरून हलू दिलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बघितला, रात्रीतून तो मांडीपासून काढला, इंजेक्शनं दिली. पिंपरीच्या त्या नव्या कारखान्यात आता बनतं तेच औषध. पण विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टर गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, आठवडाभर आधी आणला असता तर पाय तरी कशाला गेला असता. त्यांनी दोष दिला नाही, नुसतं सांगितलं. तो आठवडा कुठे गेला ते गुरुजींना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे भिमाजी गेला.

गुरुजींना त्यानंतर काही सुचेना. शाळेत ते फळ्याकडे तोंड करून उभे राहत. कादंबरीला हात लावावासा वाटेना. आपण मारला, असं ते एकदा यशोदाबाईंना म्हणाले. त्यांनी वरवरची समजूत घातली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही वेळेवर बोलला नाहीत हे खरं. ते आता घेऊनच जगायचं. मी आहे.”

भिमाजीचा तेरावा झाला. देवळातली पोथी अर्ध्यावर ठेवू नये, अशी गावाची रीत. सोपानराव दोनदा येऊन गेले. आता राहिला होता शेवटचा अध्याय, धारोजी पडतो तो. गुरुजींनी त्यात काय आहे ते सोपानरावांना सांगितलं आणि दिवस मान्य केला. तेवढं वाचायचं, त्यानंतर उभं राहून सगळं खरं सांगायचं आणि पुन्हा देवळाच्या पायरीवर चढायचं नाही, असा त्यांचा विचार होता.

वाचनाच्या दिवशी दुपारी सोजराबाई त्यांच्या ओट्यावर आल्या. यशोदाबाईंनी आत बोलावलं, तर उंबऱ्याशीच टेकल्या. कुंकवाविना कपाळाची त्यांना सवय होती, पण आता चेहऱ्यावरचं सगळंच कोणी पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. गुरुजी समोर येऊन उभे राहिले. त्या काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

“तुमी त्या दिशी सांगितलं व्हतं, धारबा तुमी रचला म्हून,” सोजराबाई म्हणाल्या. “तवा मला पटलं न्हाई. आता पटलंय.”

गुरुजींनी नुसते हात जोडले.

“सोपानराव म्हनत व्हते, आज त्यो मरनार हाय. व्हय?”

“हो. तसंच लिहिलं आहे.”

“मंग बदला.” त्या थांबल्या, पदराने तोंड टिपलं. “माझा कुनाच्याच हातात नव्हता, गुरुजी. ह्यो तुमच्या हातात हाय. त्याला बी आई हाय. त्याला मारू नका.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि गेल्या. गुरुजी ओट्यावरच उभे होते. धारोजी मेला नाही तर प्रकाशक पुस्तक घेणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्या एका अध्यायासाठी त्यांनी बाकीचं सगळं लिहिलं होतं. यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजी आत जाऊन बाड बांधू लागले.

दिवेलागणीला मंडप गच्च भरला. गुरुजींनी व्यासपीठावर बाड ठेवलं, पण त्याची दोरी सोडली नाही. आधी उभं राहून त्यांनी सांगितलं, की धारोजी हा मी रचलेला माणूस आहे, किल्ल्यात असा कोणी होऊन गेल्याचा पुरावा नाही, आणि हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. लोक चुळबुळले. कोणीतरी म्हणालं, व्हय, पण पुढं काय झालं? मग गुरुजी खाली बसले आणि पानांकडे न बघता बोलू लागले. बुरूज उडाला तेव्हा धारोजी दुसऱ्या अंगाला होता. धुरळा बसला. जे गेले त्यांना सोबत्यांनी माती दिली. दुसऱ्या दिवशी किल्ला खाली करायचा ठरला, तेव्हा उरलेली माणसं ओळीने दरवाजातून बाहेर पडली. मोगल दोन्ही बाजूंना उभे होते. कोणी कोणाला हात लावला नाही. धारोजी लंगडत होता, पण स्वतःच्या पायांनी चालत होता. त्याने धोंड्याकडे वळून बघितलं नाही. चिखलातून तो गावाबाहेरच्या वाटेला लागला.

इथे गुरुजी थांबले. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, माणसं उठून चपला शोधू लागली. समया शांत करायला आलेला गुरव घुटमळत उभा राहिला, कारण खांबापाशी सोजराबाई तशाच बसून होत्या. गुरुजी त्यांच्याजवळ गेले.

“घरी पोचला का त्यो?” त्यांनी विचारलं.

“पोचला,” गुरुजी म्हणाले.

“आई व्हती का घरात?”

“होती. दारातच उभी होती.”

सोजराबाईंनी मान हलवली, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या मोठ्याने रडू लागल्या.